अकरा मिनिटांचा सुगंध

मला फसवणं सोपं नाही. चोवीस वर्षं मी नोंदणी कार्यालयात लोकांचे कागद तपासतोय. सही कुठे थरथरली, तारीख कुठे खोडली, शिक्का कुणी घाईत उलटा मारला, हे मला चष्मा कपाळावर असतानाही दिसतं. त्यामुळे बाजारातल्या सेंटवाल्याने सहा तास टिकणारा म्हणून अकरा मिनिटं टिकणारा सेंट माझ्या गळ्यात मारला, तेव्हा त्याने गाठ चुकीच्या माणसाशी घातली आहे, असं मला अगदी मनापासून वाटलं होतं.

सेंट घ्यायचं कारण साधं होतं. इतकी वर्षं मी तळघरातल्या रेकॉर्डच्या खोलीत होतो. माझ्यासमोर फक्त फायली असायच्या आणि फायली कुणाच्या अंगाच्या वासाबद्दल कुरकुर करत नाहीत. मग एका सोमवारी मॅडमनी, म्हणजे आमच्या कार्यालयप्रमुखांनी, मला वर आणून खिडकी क्रमांक चारवर बसवलं.

"आता तुमच्यासमोर जनता असणार," त्या म्हणाल्या. "जरा टापटीप राहा. महिनाभर बघू. जमलं तर कायम करू, नाहीतर तळघर आहेच."

'टापटीप' म्हणताना त्यांनी माझ्या शर्टाकडे पाहिलं की शर्टाच्या बगलेकडे, हे मला नक्की कळलं नाही. एकदा शंका आली की मी ती सोडत नाही. त्याच संध्याकाळी मी सेंटच्या दुकानात उभा होतो.

दुकान एवढं अरुंद की गिऱ्हाईक आत गेलं की दुकानदाराला बाहेर येता येऊ नये. दुकानदार किडकिडीत, मिशा पांढऱ्या, आणि शिंप्याच्या कानावर पेन्सिल असते तशी त्याच्या कानावर वास घ्यायची कागदाची पट्टी.

"रोजच्या वापराला हवंय की समारंभाला?"

"टिकणारं हवंय," मी म्हणालो.

"टिकणं म्हणजे सगळा खेळ आत अर्क किती आणि स्पिरिट किती, त्याचा," तो म्हणाला आणि बाटल्या मांडायला लागला. "ज्यात अर्क सगळ्यात जास्त, ते खरं परफ्यूम. दोन थेंब लावले तरी दिवसभर राहतं. त्याच्याखाली हे ओ द परफ्यूम, पाच-सहा तास. त्याच्याखाली ओ द टॉयलेट, तीन-चार तास. कोलोन म्हणजे तोंडावर गार पाणी मारल्यासारखं, बरं वाटतं आणि तासाभरात जातं. आणि हे अत्तर. यात स्पिरिटच नाही, नुसतं तेल. टिकतं भरपूर, पण लांब पसरत नाही. जवळ येईल त्यालाच कळतं."

जनता माझ्या इतक्या जवळ येणार नव्हती, मध्ये काच होती. 'टॉयलेट' असं लिहिलेली बाटली घेऊन घरी जायची माझी हिंमत नव्हती. म्हणून मी सहा तासांची बाटली घेतली.

इथपर्यंत ठीक होतं. पण बाटली कागदात गुंडाळता गुंडाळता तो अटी सांगायला लागला, आणि माझ्यातला कागद तपासणारा माणूस जागा झाला. "आंघोळ झाल्यावर लगेच लावा, साहेब. कातडी कोरडी असली तर टिकत नाही, आधी थोडं क्रीम चोळा. मनगटावर मनगट घासू नका. बाटली उन्हात ठेवू नका, न्हाणीघरात तर नकोच, दमट उष्ण हवेत माल बिघडतो. आणि एक, स्वतःचा वास स्वतःला लवकर येईनासा होतो बरं का. नाकाला सवय होते. येतोय की नाही, ते दुसऱ्याला विचारायचं."

ही शेवटची अट ऐकून मी मनात हसलो. म्हणजे मालात खोट निघाली की खापर आधी माझ्या कातडीवर, मग माझ्या न्हाणीघरावर आणि शेवटी माझ्या नाकावर! विम्याच्या कागदावर बारीक अक्षरात असतं, ते हा तोंडी सांगत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अटी तंतोतंत पाळल्या. आंघोळ, क्रीम, दोन फवारे, मनगटं एकमेकांपासून हातभर लांब. नाकात झणकन झोंबलं. मी स्वयंपाकघरातल्या घड्याळासमोर खुर्ची टाकून बसलो आणि दर मिनिटाला मनगट हुंगत राहिलो. अकराव्या मिनिटाला वास गेला. नुसता कमी झाला असं नाही, साफ गेला. मी वहीत नोंद केली आणि बायकोला हाक मारली.

"अगं, वास येतोय का बघ."

तिने माझ्यापासून दोन हातांवर उभं राहूनच सांगितलं, "येतोय की. छान येतोय."

आता हे मला खटकलं. आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली. मी आणलेल्या वस्तूला हिने पहिल्या फटक्यात छान म्हटल्याचं मला एकही उदाहरण आठवेना. मी आणलेली छत्री तिने तीन वेळा उघडून बघितली होती आणि चौथ्यांदा परत करायला लावली होती. हिला भांडण नकोय, मी ओळखलं. मी दुकानात जाऊन तमाशा करीन, म्हणून ही येतोय म्हणतेय.

दुसऱ्या दिवशी मी चार फवारे मारले. "भरपूर येतोय," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी सहा. "अहो, पुरे आता," ती म्हणाली आणि खिडकी उघडली. त्यानंतर तिने जे विचारलं, त्याने मी उडालोच. "त्या चार नंबरच्या खिडकीसमोर रोज येतं तरी कोण?"

"जनता," मी म्हणालो.

"जनतेत कोण?"

त्या संध्याकाळी ती फोनवर तिच्या बहिणीशी हळू आवाजात बोलत होती. 'बावन्नाव्या वर्षी' आणि 'सेंट' एवढे तीनच शब्द माझ्या कानावर आले, पण ज्या सुरात आले त्यावरून मधलं सगळं वाक्य मला कळलं. बायको पक्षपाती ठरली. मला तटस्थ साक्षीदार हवा होता.

तसे एक गृहस्थ खालच्या मजल्यावर राहत होते. त्यांना सगळी इमारत केमिस्ट्री सर म्हणते. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले त्याला दहा वर्षं झाली, पण शिकवणं काही थांबलेलं नाही. मी मनगट पुढे केलं. सरांनी आधी तपकिरीची डबी काढली, दोन्ही नाकपुड्यांत एकेक चिमूट भरली, रुमालाने नाक पुसलं आणि मग माझं मनगट असं हुंगलं, जणू बाजूला वर्ग उभा असावा.

"शून्य," ते म्हणाले.

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

"ऐक," ते म्हणाले. "वासाचे रेणू तीन बाकांवर बसलेले असतात. पहिल्या बाकावर हलके. लिंबू, संत्रं, असले. ते घंटा व्हायच्या आत पळतात. मधल्या बाकावर फुलं, ती तास-दोन तास बसतात. मागच्या बाकावर जड मंडळी. लाकूड, राळ, कस्तुरी. वास टिकतो तो त्यांच्या जिवावर. तुझ्या बाटलीत पहिला बाक येतो आणि पळून जातो. मागचा बाक रिकामा आहे! हजेरी लावलीय, पोरं आलीच नाहीत!"

"मग मी काय करू?"

"डोस वाढव आणि निरीक्षणं लिही. कपड्यांवर मार, कातडीपेक्षा कापडावर वास जास्त टिकतो. आणि लेखी तक्रार कर. मी साक्षीला येतो."

म्हणून डोस आठवर गेला, पुढच्या आठवड्यात चौदावर. मान, कॉलर, बाह्या, रुमाल, शर्टाचा खिसा, पायमोजे. अकरा मिनिटांची काही बारा होईनात.

कार्यालयात मात्र चमत्कारिक गोष्टी घडत होत्या. तीन नंबरच्या खिडकीवरच्या सहकाऱ्याने 'इथे उजेड कमी पडतो' असा अर्ज करून सात नंबरची खिडकी मागून घेतली. ती जिन्याखाली आहे, तिथे दिवसाही दिवा लावावा लागतो. माझ्यासमोरची रांग खिडकीपासून चार पावलं मागे थांबायची आणि एकेक माणूस कागद सरकवून पुन्हा मागे जायचा. मला वाटलं, लोकांत शिस्त येतेय. एका आजोबांच्या डोळ्यांतून तर पाणी वाहायला लागलं. मी हळू आवाजात म्हणालो, "दुःख आवरा, आजोबा." ते नातवाच्या जन्माचा दाखला न्यायला आले होते.

मग सूचनापेटीत चिठ्ठी निघाली. 'खिडकी क्र. ४ वर वास असह्य.'

माझ्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे त्या भामट्याचा सेंट उडून जात होता आणि खाली माझा घाम उरत होता! जनतेला माझ्या घामाचा वास येत होता! मी त्या दिवशी जेवणाच्या सुटीत आणखी सहा फवारे मारले. दुसऱ्या दिवशी दोन चिठ्ठ्या निघाल्या. तिसऱ्या दिवशी मॅडमनी मला आत बोलावलं. त्यांनी नाकाला रुमाल लावला होता. सर्दी झाली असावी, असं मला वाटलं.

"हे बघा, मला बोलायला बरं वाटत नाही," त्या रुमालातून म्हणाल्या, "पण जरा कमी करता येईल का?"

"काय, मॅडम?"

"ते... जे काही आहे ते."

घाम हा शब्द एका बाईमाणसाने उच्चारायचा कसा, हा त्यांचा संकोच मला समजला. "मॅडम, मी माझ्याकडून शक्य ते सगळं करतोय," मी म्हणालो.

"तेच तर," त्या म्हणाल्या. "पुढच्या सोमवारी महिना भरतोय. मला काहीतरी ठरवावं लागेल."

तळघर मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ग्राहक तक्रार कक्षात गेलो.

तिथल्या बाईंनी फॉर्म दिला. तीन प्रती. दोषाचा प्रकार या सदरात वजन, माप, रंग, तूट आणि आकार असे पाच रकाने होते.

"यात वास नाही," मी म्हणालो.

"मग 'इतर' मध्ये लिहा."

'इतर'च्या पुढची जागा एवढीशी, की मला 'वास येतो आणि अकरा मिनिटांनी जातो' यातलं 'वास येतो' एवढंच लिहिता आलं. बाईंनी ते वाचलं. "सेंटला वास येतो, ही तक्रार आहे?" मी पुरवणी जोडली. मग त्या म्हणाल्या, "सदोष वस्तूचा नमुना सीलबंद करून आणा." मी बाटली पुढे केली. "बाटली नको. दोष कशात आहे?" "वासात." "मग वास सीलबंद करून आणा."

मी स्वतः खिडकीच्या आतला माणूस. अशा वेळी बाहेरच्याने वाद घालायचा नसतो, हे मी जाणतो. पण खिडकीवर आल्यापासून मी किती जणांना असं काहीबाही सांगितलं असेल, असा एक विचार मनात चमकून गेला. मी तो फारसा चमकू दिला नाही. शेवटी निरीक्षणांची वही, सरांचं साक्षपत्र आणि माझा एक रुमाल पिशवीत बांधून जोडला. शुक्रवारची सुनावणी मिळाली.

शुक्रवारी त्या छोट्या खोलीत अधिकारी होते, त्या बाई होत्या, सेंटवाला होता, केमिस्ट्री सर होते. बायको "मला बघायचंच आहे" म्हणून बरोबर आली होती. ती मागच्या खुर्चीवर बसली. सेंटवाल्याने मला वाकून नमस्कार केला. हा नम्रपणा मी नोंदवून ठेवला.

"साहेब, मी प्रात्यक्षिकच दाखवतो," असं म्हणून मी बाटली काढली आणि सगळ्यांसमोर माझा नेहमीचा डोस घेतला. चौदा. मग घड्याळ टेबलावर ठेवलं. तिसऱ्या मिनिटाला अधिकाऱ्यांना शिंक आली. पाचव्याला बाई खुर्चीवर चढून वरची झडप उघडायला लागल्या. सातव्याला त्या बाहेर गेल्या आणि दारातून बघत राहिल्या. अकराव्या मिनिटाला मी विजयाने मनगट वर केलं.

"बघा! गेला!"

अधिकाऱ्यांचे डोळे लाल झाले होते. "काय गेला?"

"वास!"

मी सरांकडे वळलो. सरांनी चिमूटभर तपकीर ओढली, उभे राहिले आणि ठणकावून म्हणाले, "मला कणभरही वास येत नाही."

"तपकीर किती वर्षं ओढता?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"बेचाळीस," सर अभिमानाने म्हणाले. अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. साक्षीदार म्हणून सर तिथेच संपले, पण ते त्यांना कळलं नाही. ते उभेच राहिले.

मग सेंटवाला पुढे आला. मला वाटलं, आता हा हसणार. तो हसला नाही. त्याने पिशवीतून कागदाच्या पाच पट्ट्या आणि चार कुप्या काढल्या, पाठ करून पट्ट्या बुडवल्या आणि एकेक माझ्या नाकासमोर धरली.

"साहेब, राग मानू नका. यातली कुठली कशाची, सांगा बरं."

मी पहिली हुंगली. दुसरी हुंगली. पाचही हुंगल्या. डाव ओळखला मी. "सगळ्या कोऱ्या आहेत," मी म्हणालो. "फसवू नका."

"एकच कोरी आहे, साहेब," तो हळूच म्हणाला. "बाकी गुलाब, लिंबू, चंदन आणि लवंग. लवंग तर मी मुद्दाम जास्त घेतली होती."

मी बायकोकडे वळून पाहिलं. ती इतक्या लांबून मान हलवत होती. तिला लवंगेचा वास येत होता.

खिडकीवर बसल्यापासून मी कितीतरी माणसांना 'हा कागद चुकीचा आहे' असं सांगितलं असेल. ऐकल्यावर त्यांचा चेहरा कसा होतो, ते मला माहीत आहे. तो चेहरा आपल्याला आतून कसा वाटतो, ते त्या दिवशी कळलं. कान गरम झाले. घड्याळ उचलून खिशात टाकायलाही हात उठेना.

"आमच्या धंद्यात हे कळतं," सेंटवाला म्हणाला. "माझ्या काकांचं असंच झालं होतं. दुकानात बसून सगळ्यांना म्हणायचे, माल भेसळीचा आलाय. फवारा मारल्यावर झोंबतं, तो वास नसतो, साहेब. ते स्पिरिट असतं, ते नाक बंद असलं तरी झोंबतंच. चला, इथून दोन गल्ल्यांवर नाकाचे डॉक्टर आहेत. मी येतो बरोबर."

ज्याच्यावर मी तीन प्रतींत फसवणुकीचा आरोप केला होता, तो माझ्या कोपराला धरून मला डॉक्टरांकडे घेऊन गेला. दुसरीकडून बायकोने धरलं होतं. केमिस्ट्री सर मागून येत होते आणि रेणूंबद्दल काहीतरी सांगत होते.

डॉक्टरांनी बारीक दिवा घालून दोन्ही नाकपुड्या पाहिल्या. "आत मांसाचे फुगे झालेत," ते म्हणाले. "वास वर पोचतच नाही. घाबरायचं कारण नाही, छोटं ऑपरेशन करून काढता येतील. पण हे आजकालचं नाही. वर्ष तरी झालं असेल. जेवणाची चव गेली असेल ना? वासाशिवाय चव अर्धी राहते."

मी नाही म्हणणार होतो. तेवढ्यात सगळं एकामागून एक आठवायला लागलं. वर्षभरात मी दूधवाला दोनदा बदलला होता, पाणी घालतो म्हणून. चहाच्या दुकानदाराशी बोलणं टाकलं होतं, भुसा विकतो म्हणून. साबणाच्या कंपनीला पत्र लिहिलं होतं. आणि घरी रोज ताटावर बसल्यावर भाजीला चव नाही म्हणत होतो. रोज. आधी तोंडाने म्हणायचो, मग नुसतं ताट सरकवून.

बायको खुर्चीवरून पुढे सरकली होती. तिने डॉक्टरांना विचारलं, "म्हणजे माझा हात बिघडला नव्हता?"

"कसला हात?" डॉक्टर गोंधळले.

"स्वयंपाकाचा. मला वाटलं, वय झालं, माझा हात गेला. मी बहिणीला विचारून विचारून मसाले बदलले. मग करून बघितल्यावर 'कशी झालीय' विचारायचंच सोडून दिलं." आणि ती पदराने डोळे टिपायला लागली. मधेच हसू येत होतं, मधेच रडू. मी खाली बघायला लागलो. सेंटवाला शहाणा माणूस, तो दार ओढून बाहेर जाऊन बसला. सरांनाही त्याने बाहेर ओढलं.

तक्रार मागे घ्यायचाही फॉर्म तीन प्रतींतच होता. कारणाच्या रकान्यात मी 'अर्जदाराचे नाक' असं लिहिलं. ते बरोबर मावलं. मॅडमना डॉक्टरांचा दाखला नेऊन दाखवला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला आणि रुमाल खाली ठेवला. "म्हणजे तुम्हाला खरंच येत नव्हता?" त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला. मग त्यांनी मला खिडकीवर आणखी एक महिना दिला, सेंट न लावण्याच्या लेखी हमीवर.

ऑपरेशन झालं. पंधरा दिवस काही नाही. मला डॉक्टरांचाच संशय यायला लागला होता, पण त्या वेळी मी तोंड बंद ठेवलं.

सोळाव्या की सतराव्या दिवशी, दुपारी, खिडकीवर एक माणूस जमिनीचा उतारा घेऊन आला. उन्हातून चालत आलेला असावा. त्याने कागद आत सरकवला आणि त्याबरोबर काहीतरी आत आलं. घाम होता, कच्चा कांदा होता, ओल्या कातडी चपलेचा वास होता. मी डोळे मिटले आणि काचेच्या फटीशी नाक नेऊन एक लांब श्वास घेतला.

"काय हुंगताय?" तो माणूस कागद मागे ओढत म्हणाला. "खरा आहे तो उतारा!"

"असू दे, असू दे," मी म्हणालो आणि न तपासताच शिक्का मारला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

घरी पोचलो तर जिन्यातच फोडणीचा वास होता. आत जाऊन मी भांड्यांवरची झाकणं एकेक उचलायला लागलो. बायको दारात उभी राहून संशयाने बघत होती. "काय शोधताय?" मी ताट घेऊन बसलो. तिने भाजी वाढली, समोर बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं आणि वर्षभरात पहिल्यांदा विचारलं, "कशी झालीय?"

मी घास घेतला. खोटं बोलणं सोपं होतं, आणि त्या क्षणी शहाणपणाचंही होतं. पण माझ्याच्याने राहवेना.

"खालून जराशी लागलीय," मी म्हणालो. "करपल्याचा वास येतोय."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिचा सगळा चेहरा फुलला. "लागलीच आहे!" ती ओरडली. "बहिणीशी फोनवर बोलत होते, आणि लागलीच!" तिने पळत जाऊन अख्खं पातेलंच उचलून आणलं आणि तळाची सगळ्यात काळी भाजी खरवडून खरवडून माझ्या ताटात वाढली.